तापणारं चाक

परतीच्या वाटेवर आंबा घाट उतरताना आमच्या गाडीचे ब्रेक गेले, तेव्हा माझी बायको शेजारच्या सीटवर मांडीवर ताट घेऊन लसूण सोलत बसली होती. मी पाय दाबला तो थेट खाली पत्र्याला टेकला. गिअर उतरवला, हातब्रेक ओढला, गाडी डोंगराच्या बाजूच्या गटारात घातली आणि ती दरडीला घासत घासत थांबली. सगळा मामला अर्ध्या मिनिटाचा. ताटातली एक पाकळीही सांडली नाही, कारण ते ताट तिने दोन्ही हातांनी पोटाशी आवळून धरलं होतं.

खाली उतरून बघितलं तर पुढच्या दोन्ही चाकांतून धूर येत होता. करपलेला, घशाला लागणारा वास. ती पायरीवरून हळूहळू उतरली आणि माझ्या मागे येऊन उभी राहिली.

"आता?"

"तासभर थांबू. थंड झालं की ब्रेक परत लागतात."

"म्हणजे तुमाला ठाऊक होतं."

ठाऊक होतंच. आदल्या वर्षीही चाकं तापली होती, आणि ते दुखणं गेलं असं मी धरून चाललो होतो. ह्या खेपेला निघायच्या चार दिवस आधी पालीपर्यंत एक चक्कर मारली तेव्हा तोच वास पुन्हा आला. मी तो पोटात ठेवला. तिने डबे भरले होते, कपड्यांची पिशवी दाराशी नेऊन ठेवली होती, आणि सहा वर्षांत पहिल्यांदा ती आठ दिवसांसाठी कुठेतरी निघाली होती. जाताना सगळा चढ, ब्रेकला काम नाही. येताना काय ते येताना बघू, असं मी मनाशी म्हटलं. इतका मूर्खपणा मी जहाजावर कुणाला करू दिला नसता.

मागून रत्नागिरीची एसटी आली. तिने हात केला. एसटीच्या पायऱ्या तिच्या गुडघ्यांना झेपत नाहीत म्हणूनच तर ही गाडी घेतली होती. दोन्ही हातांनी दांडा धरून, आधी उजवा पाय आणि मग डावा ओढून घेत, ती त्या तीन पायऱ्या चढली. कंडक्टरने वरून हात दिला. लसणाचं ताट तेवढं माझ्या हातात देऊन गेली.

गाडी गार करत, थांबत थांबत मी घरी पोचलो तेव्हा ती भात लावत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "दुरुस्त करून आणलीत म्हणून मला सांगू नका. ती तुमी मागच्या वर्षी पण आणलीत. का होतं तेवडं सांगा. ते कळल्याशिवाय मी काय त्या गाडीत बसायची नाय."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तीस वर्षं जहाजाच्या इंजिनखात्यात काढलेल्या माणसाला कारण विचारतेय. पण कारण माझ्याकडे नव्हतं.

गाडीबद्दल सांगायला हवं. मी वर्षातले नऊ महिने समुद्रावर असे. घर, बाग, सासूसासऱ्यांचं आजारपण, मुलीची शाळा आणि लग्न, सगळं तिने एकटीने केलं. निवृत्त होऊन कायमचा घरी आलो तेव्हा म्हटलं, आता तू म्हणशील तिथे जाऊ. तोवर तिचे गुडघे गेले होते. हॉटेलचे जिने जमेनात, खाली बसायचा संडास जमेना. मग मी शाळेची मुलं नेणारी एक जुनी मिनीबस घेतली. बाकं काढली, दोन पलंग बसवले, छोटा ओटा आणि शेगडी, पाण्याची टाकी, मागच्या कोपऱ्यात बंद दाराआड खुर्चीचा संडास. दाराशी लाकडी पायरी केली, तिची उंची तिला घरापुढच्या खळ्यात उभं करून तिच्या गुडघ्यावरून मोजली. आमच्या वाडीत त्या गाडीला फिरता बंगला म्हणत. ती म्हणे, तुमचं जहाज.

कुठे जायचं ते तिने फार विचार न करता सांगितलं होतं. "पलीकडच्या समुद्रावर. आपल्याकडे सूर्य बुडताना जन्मभर बघितला. पाण्यातून वर येताना कसा दिसतो तेवडं एकदा दाखवा." मी तो हजार वेळा बघितला होता आणि दर वेळी माझं लक्ष इंजिनाच्या आवाजाकडे होतं. पलीकडच्या समुद्रापर्यंत जायचं तर आधी आंबा घाट, आणि पुढेही घाट आहेतच. त्या आठ दिवसांत आम्ही घाटावरच फिरून परतलो होतो, तो समुद्र अजून राहिलाच होता.

आता ब्रेकचं. पहिल्या वर्षी, पाऊस संपल्यावर, नवरात्राच्या सुमाराला गणपतीपुळ्याहून येताना पुढची चाकं तापली. मी गाडी हातखंब्याच्या एका मिस्त्रीकडे नेली. रस्त्याकडेला पत्र्याची शेड, समोर काजूचं एक झाड, त्याखाली चार-दोन रिक्षा. माणूस संगमेश्वराकडचा, माझ्याच वयाचा, बोलायला कमी. त्याची एक पद्धत होती. गाडीतून जो जुना भाग काढील तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून, गाठ मारून, मालकाच्या हातात देई. "तुमचा माल तुमी न्या," म्हणे. मला ही पद्धत आवडली होती. जहाजावरही जुना भाग दाखवल्याशिवाय मी नवा देत नसे.

त्याने आधी चाकाकडचे ब्रेक उघडून साफ केले, आतल्या रबरी कड्या बदलल्या. आठवडाभर ठीक, मग पुन्हा ताप. मग वरचा मुख्य सिलिंडर बदलला, जिथून पायाच्या दाबाने ब्रेकचं तेल चाकांकडे जातं. दोन आठवडे ठीक, पुन्हा ताप. तिसऱ्या खेपेला त्याने डोकं खाजवलं आणि चाकांपर्यंत तेल नेणाऱ्या रबरी नळ्याही बदलून टाकल्या. त्यानंतर सबंध हिवाळा गाडी शहाण्यासारखी चालली. आम्ही दाभोळला जाऊन आलो, गोव्याकडे दोन रात्री काढून आलो. पिशव्या मी घरी आणून माळ्यावर टाकल्या.

त्याच तिसऱ्या खेपेला गाडीखालून बाहेर येत, हात फडक्याला पुसत तो म्हणाला होता, "साहेब, खालून येवडं त्याल कशाला फासलंत? हात लावायला जागा न्हाय."

मी म्हटलं, "मिस्त्री, तुम्ही ब्रेक बघा. खाऱ्या वाऱ्यात लोखंड कसं राखायचं ते मला शिकवू नका."

हे बोलणं मी लगेच विसरलो. दोन वर्षांनी ते शब्दन्‌शब्द आठवलं.

मग दुसऱ्या वर्षीचा पाऊस झाला आणि त्यानंतर तो आंबा घाट. मी जे केलं ते आज सांगतानाही तोंड कडू होतं. दुसऱ्याच दिवशी हातखंब्याला गेलो आणि झाडाखाली रिक्षावाले बसले होते त्यांच्यादेखत त्या माणसाला म्हणालो, "तू नकली माल घातलास. माझी बायको मेली असती." तोवर मी त्याला कधी अरेतुरे केलं नव्हतं.

त्याने हातातला पाना खाली ठेवला. "म्या दुकानातनं आनला तसा घातला, साहेब. जुना माल तुमच्याकडं पिशवीत हाय. त्यो तरी बघा."

"जुना बघून काय करू? नव्याने दगा दिलाय."

"मंग गाडी दुसरीकडं न्या," तो म्हणाला आणि परत कामाला लागला.

मी ती चिपळूणला नेली, एका मोठ्या गॅरेजात. ह्या वेळी नळ्या मी स्वतः आणल्या, कंपनीच्या दुकानातून, मोहोर न फोडलेल्या पाकिटातल्या. समोर उभा राहून बसवून घेतल्या. गाडी पुन्हा लोण्यासारखी थांबायला लागली. घरी येऊन बायकोला ऐटीत सांगितलं, "नकली माल. दुसरं काही नाही."

ती तांदूळ निवडत होती. "असेल. पुढच्या वर्षी बघू."

"पुढच्या वर्षी?"

"पाऊस जाऊ दे एकदा."

सबंध हिवाळा गाडी खळ्यात उभी. मी एकटा कुठे जाणार? बाजाराला न्यायला गेलो की ती रिक्षा सांगे. एका लग्नाला मला म्हणाली, तुमी गाडीने या, मी वहिनींबरोबर येते. भांडण नव्हतं, अबोला नव्हता. जेवायला वाढत होती, चहा देत होती, गाडीचं नाव निघालं की मात्र उठून जात होती. मला तिचा राग येई आणि त्याहून जास्त त्या मिस्त्रीचा. सगळं खापर मी त्याच्या डोक्यावर फोडून मोकळा झालो होतो.

मे महिना आला तसा मी गाडीच्या पोटाला हात घातला. दर वर्षीचं हे माझं काम. आमच्या वडिलांची होडी होती. पावसाच्या आधी ती किनाऱ्यावर ओढून ओंडक्यांवर चढवायची, आणि तिच्या बुडाला काजूच्या टरफलांचं काळं तेल द्यायचं. त्या तेलाने लाकूड कुजत नाही, वाळवी लागत नाही, खारं पाणी आत शिरत नाही. अंगाला लागलं तर मात्र कातडी सोलवटते. वडील हाताला जुनी कापडं गुंडाळून, नारळाच्या सोडणाचा कुंचला करून, होडीच्या पोटाखाली आडवे होत आणि दोन दिवस तेच करत. एक बोटभर जागा कोरडी ठेवायची नाही, हे त्यांचं वाक्य. मी गाडी घेतली त्याच मेमध्ये काजूच्या कारखान्यातून ते तेल मागून आणलं, त्यात इंजिनाचं जळकं तेल कालवलं आणि हाताला प्लास्टिकच्या पिशव्या बांधून गाडीखाली शिरलो. तिसऱ्या मेमध्ये तर दोन हात दिले. ब्रेकने इतका त्रास दिलाय तर निदान गंज तरी लागू नये, हा माझा विचार.

बायको दर वर्षी त्यावरून कावते. ते तिचे आंब्याची साटं घालायचे दिवस. ताटांना तूप लावून, रस पसरून, ती खळ्यात उन्हाला ठेवते आणि माझ्या तेलाचा उग्र वास त्यांना लागतो. म्हणून मला तारीख आधी सांगावी लागते आणि त्या दिवशी ती काहीही बाहेर काढत नाही.

पाऊस संपला. दसऱ्यानंतर मी एकटाच संगमेश्वरपर्यंत जाऊन आलो. परतीला निवळीच्या अलीकडे तो वास आला. मी गाडी बाजूला घेतली, पुढच्या चाकाजवळ हात नेला आणि तसाच मागे घेतला. बराच वेळ रस्त्याकडेच्या कट्ट्यावर बसून राहिलो. त्या नळ्या मी माझ्या हाताने आणल्या होत्या. नकली म्हणायची सोय राहिली नव्हती.

घरी आल्यावर तिला सांगितलं. लपवलं नाही, एवढं एक ह्या वेळी बरोबर केलं.

ती म्हणाली, "मग आता बसून शोधा. लोकांकडे नेऊ नका. तुमी जहाजावर काय करायचात?"

जहाजावर काय करायचो? भाग बदलत सुटायचो नाही. बिघाड चालू असताना त्याच्याजवळ बसायचो. गाडीच्या बाबतीत मी दर वेळी ती गार झाल्यावर, सगळं ठीक दिसत असताना मिस्त्रीकडे नेत होतो. मी दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी वाडीच्या चढउतारावर पाच-सहा वेळा घातली, चाक तापून जड झालं तसं खळ्यात आणून पुढची बाजू जॅकवर उचलली. चाक हाताने फिरेना. आता कुणीतरी ब्रेकवर पाय द्यायला हवा होता. मी तिच्याकडे बघितलं.

"बसणार नाही म्हणाली होतीस."

"चालत्या गाडीत म्हटलं होतं," असं म्हणून ती माझी पायरी चढून माझ्या सीटवर जाऊन बसली.

"दाब," मी खालून ओरडलो. "सोड." तिने पाय उचलला. चाक धरलेलंच. मी रबरी नळीचा वरचा जोड सैल केला, मुख्य सिलिंडरकडच्या बाजूचा. दोन थेंब तेल आलं, चाक तसंच घट्ट. तो जोड आवळला आणि खालचा, चाकाकडचा, सैल केला. चिळकांडी उडाली, थेट माझ्या चष्म्यावर, आणि चाक हाताने सहज फिरलं. म्हणजे अडलेलं तेल नळीच्याच आत अडत होतं. पायाच्या जोराने ते चाकाकडे जात होतं, पण पाय उचलल्यावर परत यायला वाट नव्हती. ब्रेक लागलेलाच राहायचा, घासत राहायचा, तापायचा, शेवटी आतलं तेल उकळायचं आणि पाय पत्र्याला टेकायचा.

नळी काढून मी ओट्यावर नेली आणि सुरीने मधोमध कापली. आतलं भोक सुईएवढंही राहिलं नव्हतं. रबर चहूकडून फुगून आत आलं होतं, बाहेरून बोट दाबलं तर खड्डा पडत होता. मग मी माळ्यावर चढलो आणि मिस्त्रीची पिशवी काढली. दोन वर्षांची गाठ, सुटेना, ती पण कापली. त्यात गाडीबरोबर आलेल्या मूळ नळ्या होत्या, कारखान्यातल्या. त्याही तशाच फुगलेल्या. मूळच्या, मिस्त्रीच्या, मोहोरबंद पाकिटातल्या, तिन्ही नळ्यांची गत एकच झाली असणार. माल खोटा नव्हताच.

"मग कशानं?" मी स्वतःशीच म्हणत होतो.

बायकोने कापलेला तुकडा उचलून नाकाशी नेला. "काय मेला वास हा. साटांच्या दिवसातला."

मला खरंच अजून समजलं नव्हतं. तिने मात्र फळीवरचे डबे खाली उतरवायला घेतले. आमच्याकडे जुनी कॅलेंडरं टाकत नाहीत, फळ्यांवर डब्यांखाली अंथरतात. तिने गेल्या दोन वर्षांची काढली, भिंतीवरचं चालू वर्षाचं काढलं, आणि ओट्यावर शेजारी शेजारी ठेवली. गॅस कधी लावला, वीज कधी गेली, मी जहाजावर कधी चढलो आणि कधी उतरणार, हे ती सगळी वर्षं त्या चौकोनांत लिहीत आली होती. तिन्ही वर्षांच्या मे महिन्यात एका चौकोनात तिच्या बारीक अक्षरात होतं, "तेल. साटं नाही." तिन्ही वर्षी पाऊस संपल्यावरच्या महिन्यात, "गाडी तापली." मधल्या हिवाळ्यांत, नव्या नळ्या घातल्यावर, काहीच नाही.

"सोडणाने सगळीकडे चोपडता ना?" तिने विचारलं. "ह्या नळ्यांना पण?"

एक बोटभर जागा कोरडी ठेवायची नाही. मी त्या नळ्यांना विशेष काळजीने, वळवून वळवून, सगळ्या बाजूंनी तेल दिलं होतं.

ती कॅलेंडरं गोळा करत म्हणाली, "तुमच्या वडिलांच्या होडीला रबर कुठे होतं?"

जहाजावर माझ्या खात्यात एक पाटी मीच रंगवून घेतली होती, रबराला तेल-ग्रीस लावू नये म्हणून. एका माणसाने पंपाच्या रबरी कडीला चुकीचं ग्रीस लावलं तेव्हा त्याला मी सगळ्यांदेखत इतकं बोललो होतो की तो बंदरावर उतरून गेला. आणि गाडीखाली शिरलो की मी इंजिनिअर राहत नसे, होडीखाली आडव्या झालेल्या वडिलांचा मुलगा होई. त्या दोन दिवसांत मला त्यांची आठवण येई, म्हणूनही मी ते काम कुणाला देत नसे. हे मी तिला त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं.

तरी खात्री हवी म्हणून एका नव्या नळीचे दोन तुकडे केले. एक काळ्या तेलात बुडवला, एक फळीवर कोरडा ठेवला. पंधरा दिवसांनी तेलातला तुकडा अंगठ्याएवढा झाला होता आणि त्याचं भोक जवळपास बुजलं होतं. दोन्ही तुकडे मी तिच्यापुढे ठेवले.

"झालं. कारण सापडलं. मीच होतो. आता बसशील?"

"मला सांगून काय उपयोग? ज्याला नकली म्हणालात त्याला सांगून या. मग बसते."

हातखंब्याला जायला मला आणखी तीन दिवस लागले. गाडी गेली नसती असं नाही, नवी नळी घातली होती. पाय निघत नव्हता. शेवटी गेलो. झाडाखाली रिक्षावाले होतेच, मी ते असावेत अशाच वेळी गेलो होतो. पिशवी त्याच्यापुढे ठेवली आणि म्हणालो, "मिस्त्री, चूक माझी होती. तुमचा माल चोख होता. ह्या लोकांदेखत बोललो, म्हणून ह्यांच्यादेखत सांगतो."

त्याने पिशवीतला तुकडा काढला, बोटाने दाबला, वास घेतला. "काजूचं."

"हो. तुम्ही एकदा म्हणाला होतात, खालून एवढं तेल कशाला."

"म्या बोललो हुतो?" तो विचारात पडला. त्याला खरंच आठवत नव्हतं. मी त्याच्यावर वर्षभर दात धरून होतो आणि तो ते बोलणं विसरूनही गेला होता. मला वाटलं होतं त्याहून जास्त लाज मला त्या क्षणी वाटली.

"आधी ह्ये सगळं धुवून काढाय लागंल," तो गाडीखाली वाकून बघत म्हणाला. "मंग नळ्या. तुमी पन या खाली, मला येकट्याला न्हाय जमायचं."

दोन दिवस आम्ही दोघं म्हातारे त्या गाडीखाली रॉकेलची फडकी घेऊन पडून होतो. तीन वर्षांचे थर खरवडून काढले. नव्या नळ्यांवर त्याने सायकलच्या ट्यूबचे तुकडे चढवले आणि तिथे काहीही लावायचं नाही, असं मला दोनदा सांगितलं. मी दोन्ही वेळा हो म्हटलं. निघताना त्याने विचारलं, "वैनी बसतील काय आता?"

"तुम्ही केलंय म्हटल्यावर बसायला हवी."

"माज्यावर न्हाय त्ये," तो म्हणाला आणि जुन्या नळ्या पिशवीत घालून, गाठ मारून माझ्या हातात दिल्या.

घरी येऊन सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आधी तोच घाट उतरून दाखवा."

एका सकाळी आम्ही दोघंच आंबा घाट चढून वर गेलो. वर चहा प्यायलो आणि गाडी वळवली. उतार सुरू झाला. तिच्या मांडीवर ताट नव्हतं, एक हात मोकळा, एक दाराच्या कडीवर. मी मुद्दाम ब्रेक जास्त वापरत होतो. नाक सारखं वासाच्या मागावर. खाली साखरप्याकडचं खोरं दिसायला लागलं, आणि दरडीला गाडी घासली होती ती जागा आली. खरचटल्याची खूण दगडावर अजून होती.

"थांबा," ती म्हणाली.

मी थांबलो. ती पायरीवरून उतरली. मागून वळणावर एसटीचा हॉर्न वाजला. मला वाटलं, चालली. ती पुढच्या चाकाशी गेली, कमरेत वाकली आणि भाकरी टाकायच्या आधी तव्यावर धरते तसा चाकाच्या पत्र्याजवळ तळहात धरला. मग तो पत्र्याला टेकवला आणि तिथेच ठेवला. मी काचेतून तिचा चेहरा बघत होतो. तिने हात लगेच उचलला नाही, मग गाडीला वळसा घालून दुसऱ्या चाकाशी गेली, तिथेही हात टेकवून उभी राहिली.

एसटी आमच्या मागे येऊन थांबली. चालकाने डोकं बाहेर काढून तिच्याकडे बघितलं, चढणार का म्हणून. तिने त्याला पुढे जा म्हणून हात केला. एसटी गेली. ती पायरी चढून वर आली, हाताची धूळ पदराला पुसली आणि सीटवर बसून पट्टा लावला.

"पलीकडच्या समुद्रावर जायला किती दिवस लागतील?" तिने विचारलं.